गाडीचे छत स्वच्छ करा, पण जपून!

चारचाकी गाडी आता आपल्या वस्तीला अनोळखी राहिलेली नाही. आमचे वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असो, लग्नाचे वऱ्हाड असो की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी गाठायची असो, कोणाची तरी भाड्याची गाडीच कामी येते. ती बहुधा जुनी असते, कर्जाची असते आणि तिच्यावर एक घर चालत असते.

या गाडीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांना टांग्यात बसवून न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सराव नव्हता. पुलावर टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आज चाक आपल्या हाती आहे. तेव्हा गाडीचे प्रत्येक काम नीट माहिती करून घेऊनच केले पाहिजे. साफसफाईचे कामही त्यातच आले.

गाडीच्या आतल्या छताला जे कापड असते, त्या अस्तराविषयी आज सांगायचे आहे. सीट आणि पायपुसणी आपण धुतो. छताकडे मात्र डाग डोळ्यांत भरल्यावरच लक्ष जाते. मग कोणी पाण्याचा फवारा मारतो, कोणी पेट्रोलचा बोळा फिरवतो. दोन्हींनी नुकसान होते आणि पेट्रोलने तर जीवही जाऊ शकतो.

अस्तर कसे असते?

कापडाच्या मागे फोमचा पातळ थर असतो. तो गोंदाने एका पुठ्ठ्यासारख्या पाट्याला चिकटवलेला असतो. जास्त पाणी मुरले, जोराने घासले किंवा थिनर लागले की गोंद सुटतो आणि कापड झोळीसारखे खाली लोंबते. आपल्या विदर्भातल्या उन्हाने तो गोंद आधीच कमजोर झालेला असतो. म्हणून पहिला नियम हा की, छत धुवायचे नसते, पुसायचे असते.

कृती

गाडी सावलीत लावा, इंजिन बंद ठेवा, चारही दारे उघडा. सीटवर जुनी चादर टाका. वर तोंड करून काम करायचे असल्याने थेंब डोळ्यांत पडतात, त्यासाठी चष्मा लावा.

आधी मऊ ब्रशने हलक्या हाताने धूळ काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा सौम्य द्रवरूप साबण किंवा शाम्पू घालून फेस करा. पाणी नव्हे, नुसता फेस वापरायचा आहे. तो आधी मागच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचे लक्ष जात नाही तिथे लावून वाळू द्या. रंग उतरला नाही आणि कापड उचलले गेले नाही, तरच पुढे जा.

पांढरे सुती फडके फेसात बुडवून घट्ट पिळा. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत या. गोल गोल घासू नका. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण टिपा आणि शेवटी कोरडे फडके दाबून धरा. डागाएवढाच भाग ओला केला तर वाळल्यावर कडा उमटतात. म्हणून शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंत सर्व भाग ओलसर फडक्याने हलकेच पुसून घ्या. दारे उघडी ठेवून किंवा टेबल फॅन लावून वाळवा. काचा बंद करून उन्हात ठेवू नका.

डाग तसा उपाय

भीमजयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल कोरडाच झटका. पाणी लागले की तो पसरतो. लग्नाच्या भाड्यात हळदीचा हात लागला असेल, तर साबणाने डाग लाल होतो. घाबरू नका, साबण निघाला की तो पुन्हा पिवळा होतो आणि उजेडाने हळूहळू फिका पडतो. डोक्याच्या तेलाचा डाग आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग फेस लावा. उलटीचे शिंतोडे थंड पाण्याने टिपा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. पावसाचे तपकिरी वर्तुळ असेल तर आधी गळती शोधा. कॅरियरचे स्क्रू आणि काचेचे रबर तपासा. नाहीतर पुसलेला डाग पुढच्या पावसात परत येईल.

हे करू नका

पेट्रोल, रॉकेल, थिनर वापरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गाडीत खाली साचून राहते आणि स्विचच्या एका ठिणगीने भडका उडू शकतो. ब्लिचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे अॅसिड कधी एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. छतातल्या दिव्यावर आणि त्याच्या तारांवर ओले फडके नेऊ नका. आजच्या अनेक गाड्यांत दारांच्या वर, अस्तराच्या आत एअरबॅग असते. तिथे कापड ओढू नका, टोचू नका. कापड आधीच लोंबत असेल तर पाणी लावूच नका. ते कुशनवाल्याचे काम आहे.

वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे मालकालाही स्पष्ट सांगावे. बंद गाडीत थिनर हुंगत काम करणे ही नोकरीची अट असू शकत नाही. हातमोजे आणि उघडी दारे मागणे हा त्यांचा हक्क आहे.

साफसफाई आपल्यावर जन्माने लादली गेली होती. आज तेच काम आपण समजून, आपल्या गाडीसाठी, आपल्या मर्जीने करतो. बायका-मुलांनीही ते शिकावे. एका बादलीचे आणि चार फडक्यांचे हे काम आहे, पण त्यातून कर्जाची गाडी टिकते आणि घरातला माणूस सुखरूप राहतो.

जयभीम!