पंधरा वॅटचा गडगडाट

१९६५ च्या सुमारास ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड लंडनमध्ये गिटारचे अ‍ॅम्प बनवणाऱ्या जिम मार्शलकडे एकच हट्ट धरून बसला होता: आवाज वाढव. त्या काळी सभागृहातली ध्वनियंत्रणा जेमतेम गायकाचा गळा पोचवायची. गिटार शेवटच्या रांगेत ऐकू जायला हवी असेल, तर ते काम अ‍ॅम्पनेच करायला हवं होतं. त्यातून मार्शलचा १०० वॅटचा हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प, आला आणि त्याखाली एकावर एक रचलेल्या स्पीकर-कॅबिनेटांचा मनोरा उभा राहिला. हेवी मेटलने पुढे हा मनोरा आपलं निशाणच करून टाकला. आता कॅबिनेटसमोर माइक असतो आणि गिटारही सभागृहाची ध्वनियंत्रणाच पोचवते, तरी ‘जड संगीताला शंभर वॅट हवेतच’ ही समजूत गिटारवाल्यांच्या मनातून हलत नाही.

तिला पहिला मोठा धक्का दिला तो ऑरेंज कंपनीने. क्लिफ कूपरने १९६८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीने २००६ मध्ये ‘टायनी टेरर’ बाजारात आणला. पोलादी पत्र्याची पांढरी पेटी, वर मूठ, समोर व्हॉल्यूम, टोन आणि गेन अशी तीनच बटणं. पंधरा वॅट, आणि एक खटका दाबला की सात. रिव्हर्ब नाही, दुसरा चॅनल नाही. पॅड लावलेल्या पिशवीत घालून खांद्याला अडकवला की माणूस लोकलमध्येही चढू शकेल. या घाटाच्या अ‍ॅम्पना लवकरच ‘लंचबॉक्स’ हे नाव पडलं, आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने आपापला लंचबॉक्स काढला.

पण अशा अ‍ॅम्पमधून मेटल वाजतं का? याचं उत्तर वॅटच्या आकड्यात शोधणारा हमखास चुकतो. दहापट वॅट म्हणजे दहा डेसिबलची वाढ, आणि दहा डेसिबलला कान साधारण ‘दुप्पट आवाज’ म्हणतो. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या केवळ दुप्पट मोठा वाटतो. पंधराचे तीस केले तर वाढ फक्त तीन डेसिबलची. मेटलवाल्यांचा लाडका सेलेस्टियन ‘व्हिंटेज ३०’ स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर १०० डेसिबल देतो. पंधरा वॅटला हा आकडा ११२ च्या आसपास जातो. त्यामुळे ‘फ्लॅटमध्ये वाजवायला बरा’ म्हणून पंधरा वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घेणाऱ्याची शेजाऱ्यांशी गाठ ठरलेली. हा अ‍ॅम्प जॅमरूमचा, स्टुडिओचा आणि माइक लावलेल्या स्टेजचा आहे.

खरा प्रश्न आहे डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो फाटका आवाज, नेमकं कुठे तयार होतं याचा. व्हॉल्व्हच्या, म्हणजेच ट्यूबच्या, अ‍ॅम्पचे ढोबळमानाने दोन भाग. पहिल्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये, ईसीसी ८३ नावाचे छोटे व्हॉल्व्ह गिटारचा क्षीण संकेत टप्प्याटप्प्याने वाढवतात. दुसऱ्या भागातले पॉवर व्हॉल्व्ह त्याला स्पीकर हलवण्याची ताकद देतात. दोन्हीकडे डिस्टॉर्शन होऊ शकतं, पण दोन्हींचा पोत निराळा. सत्तरच्या दशकातलं जड रॉक बरंचसं पॉवर व्हॉल्व्ह ताणून निघालेलं. तिथे छोटा अ‍ॅम्प वरचढच ठरतो, कारण तो लवकर ताणला जातो. १९६९ मध्ये आलेल्या ‘लेड झेपेलिन’च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजने वाजवला तो छोटा सुप्रो अ‍ॅम्प. माइकला वॅट मोजता येत नाहीत. ऐकणाऱ्याला तो आवाज डोंगराएवढाच भासतो.

थ्रॅश किंवा आजच्या मेटलचं गणित उलटं आहे. तिथे सगळं डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमध्ये, एकामागून एक टप्पे जोडून घडवलेलं असतं. पॉवर विभागाने ते जसंच्या तसं पुढे ढकलायचं, स्वतःची भर घालायची नाही. तळव्याची कड तारांवर टेकवून ठोकलेला प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा, आणि पॉवर विभाग दमला की पहिला चिखल होतो तो खर्जात. साधी गिटार ८२ हर्ट्झपर्यंत उतरते. कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या टोनी आयोमीने ‘ब्लॅक सबाथ’च्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’साठी तारा तीन अर्धस्वर सैल केल्या, म्हणजे ६९ हर्ट्झ. सात तारांची गिटार आणखी खाली, ६२ च्या आसपास. जितका खर्ज खोल, तितकं पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यावर ओझं जास्त. गाभा लहान असला की तो भरून जातो आणि सूर फुगतो. म्हणून छोटा अ‍ॅम्प पारखताना मी वॅट नंतर विचारतो, आधी ट्रान्सफॉर्मर पाहतो. उचलून पाहिला तरी अंदाज येतो.

खर्जातल्या या चिखलावर जुना, पक्का इलाज आहे: अ‍ॅम्पच्या आधी आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर पेडल लावायचं, त्याचं ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल पुढे. हे पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग डिस्टॉर्शनआधीच उतरवतं, त्यामुळे खर्ज आटोपशीर होतो. छोट्या अ‍ॅम्पवर तर याचा गुण मोठ्यापेक्षा जास्त जाणवतो.

निवड करायची तर आधी स्वतःचं संगीत ओळखावं. डूम, स्लज, स्टोनर वाजवणाऱ्याने डोळे मिटून टायनी टेरर घ्यावा. त्याचं ते दाटून येणं, किंचित फाटणं या संगीताला शोभतं. थ्रॅश आणि डेथवाल्याला मेसा बूगीचा ‘मिनी रेक्टिफायर’ बघायला सांगेन, २५ आणि १० वॅटचा. किंवा पीव्हीचा ‘६५०५ एमएच’, ज्यात २०, ५ आणि १ वॅटचा खटका आहे. हे दोन्ही शंभर-सव्वाशे वॅटच्या थोरल्या भावंडांचे प्रीअ‍ॅम्प लहान पेटीत आणतात. मात्र एका वॅटवर तोच आवाज मिळेल ही आशा ठेवू नये. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी झाला की आपला कान खर्ज अधिक गाळतो. अ‍ॅम्पमध्ये दोष नसतानाही रात्री तो पातळ वाटतो. आणि पैसे मोजके असतील तर अर्धे कॅबिनेटसाठी राखून ठेवा. एका बारा इंची स्पीकरच्या हलक्या पेटीऐवजी दोन स्पीकरची, मागून बंद पेटी जोडली की तोच पंधरा वॅट छातीवर येतो.

या सगळ्या लंचबॉक्सांच्या पोटात बहुतेक वेळा ईएल ८४ ची जोडी असते. हा व्हॉल्व्ह मुळात रेडिओ आणि रेडिओग्रामसाठी जन्मलेला. ज्या काळी ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह, त्या काळच्या पिढीला व्हॉल्व्ह तापेपर्यंतचा तो विलंब ठाऊक आहे. आज हे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया, चीन अशा मोजक्या ठिकाणीच होतात. २०२२ मध्ये रशियातला पुरवठा अडला तेव्हा जगभर किमती चढल्या. चार मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन छोटे बदलणं इथे खिशाला परवडतं, आणि टायनी टेररसारख्या अ‍ॅम्पला नवी जोडी लावताना बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह) जुळवायलाही कुणाकडे न्यावं लागत नाही. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. आणि स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी भार घेणारी पेटी) जोडल्याशिवाय हा अ‍ॅम्प कधीच वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.