दिव्यांग अनुदानावर क्रेडिट कार्ड

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली. एवढ्यावर बिनतारण क्रेडिट कार्ड जवळजवळ मिळतच नाही, कारण बँका पगारपत्रक किंवा प्राप्तिकर विवरणपत्र मागतात. उत्पन्न कमी म्हणून बँक अर्ज नाकारू शकते, दिव्यांगत्वामुळे मात्र नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील कलम १३ कर्ज व पतसुविधांचा हक्क देते, तर दृष्टिहीनांना क्रेडिट कार्ड भेदभावाविना द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावले आहे.

व्यवहार्य मार्ग मुदत ठेवीवरील कार्डाचा. त्याला सहसा उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. खर्चमर्यादा बहुतेकदा ठेवीपेक्षा थोडी कमी असते. वेळेवर फेडल्यास सिबिल गुणांक तयार होतो. ‘किमान देय’ भरून उरलेल्या थकबाकीवर दरमहा साधारण ३ ते ४ टक्के व्याज चढते. अनुदानावर जगणाऱ्याला ते परवडणारे नाही. बिल पूर्णच भरावे. ठेव मोडावी लागेल इतका खर्च कार्डावर करू नये.

भेदभाव झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.