झोका आणि पूल

बाजारात मडके घेताना आपण काय करतो? मडके हातावर घेतो आणि टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर मडके चांगले. बद्द वाजले तर त्याला कुठेतरी चीर गेली आहे. कुंभार काही म्हणो, आपला कान खोटे सांगत नाही.

असे का होते? टिचकी मारली की मडक्याचे अंग थरथरते. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळते. घरी पितळेची थाळी दोरीला टांगा. तिच्यावर चमचा मारा आणि काठाला हळूच बोट लावा. बोटाला मुंग्या आल्यासारखे वाटेल. आता थाळी घट्ट धरा. थरथर थांबली, की आवाजही थांबला. या थरथरीला कंप म्हणतात. चिरलेल्या मडक्यात चिरेच्या कडा एकमेकींवर घासतात. त्यामुळे कंप लगेच मरतो.

थाळी हळू वाजवा नाही तर जोरात वाजवा, सूर तोच निघतो. कारण प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची ठरलेली चाल असते. थाळी एका सेकंदात शेकडो वेळा थरथरते. ती चाल कशी मोजणार? झोक्याची चाल मात्र मोजता येते.

दोरीला दगड बांधून आम्ही ती मोजून पाहिली आहे. दोरी १ मीटर लांब असेल तर दगडाला एकदा जाऊन परत यायला २ सेकंद लागतात. दोरी ४ मीटर केली तर ४ सेकंद लागतात. दगड हलका असो की जड, वेळ तोच. सगळे दोरीच्या लांबीवर आहे.

नागपंचमीला झोका कसा चढवतात ते आठवा. झोका मागे येऊन परत फिरतो, नेमक्या त्याच क्षणी ढकलतात. ढकलणारी लहान मुलगी असली तरी झोका उंच जातो, कारण तिचा प्रत्येक थोडा थोडा जोर आधीच्या जोरात मिळतो. तीच मुलगी झोका पुढे येत असताना समोरून ढकलेल, तर झोका थांबेल आणि तिच्या हाताला मार बसेल.

आता पुलाची गोष्ट. इंग्लंडात मँचेस्टर शहराजवळ ब्रॉटन येथे लोखंडी साखळ्यांवर टांगलेला पूल होता. १२ एप्रिल १८३१ रोजी ७४ शिपाई कवायतीहून परत येताना त्या पुलावर आले. चौघे चौघे ओळीने, एका तालात पावले टाकीत. पूल त्यांच्या पावलांबरोबर हलू लागला. शिपायांना मोठी गंमत वाटली. कोणी शिटीवर गाणे धरले, पावले आणखी जोरात पडू लागली. एकाएकी मोठा आवाज झाला आणि पूल एका बाजूने कोसळला. सुमारे ४० जण नदीत पडले. पाणी उथळ होते म्हणून कोणी मेले नाही, पण कित्येकांचे हातपाय मोडले. मागून तपासले तर एक खिळा मुळातच कच्चा निघाला. तो कच्चा होता हे खरे, पण त्याला तोडले ते तालात पडणाऱ्या पावलांनी. तेव्हापासून तेथील फौजेत हुकूम झाला की, पुलावर ताल सोडून चालावे.

आपल्याकडे ओढ्यावर लोखंडी दोरांचे झुलते साकव असतात. पोरे मधोमध उभी राहून ताल धरून उड्या मारतात. त्यांना वेळीच हटका, बरं का!

पण ताल सोडला म्हणजे सगळे भागले असेही नाही. हलत्या पुलावर तोल सांभाळताना माणसाचे पाऊल नकळत पुलाच्याच चालीवर पडते. लंडनमध्ये २००० साली पायी चालण्यासाठी नवा पूल उघडला. पहिल्याच दिवशी लोकांची झुंबड उडाली आणि पूल डावीकडे-उजवीकडे डोलू लागला. कवायत कोणीच करीत नव्हते, तरी लोकांची पावले त्या डोलण्याबरोबर पडू लागली आणि डोलणे वाढत गेले. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. मग पुलाखाली हेलकावा जिरवणारी यंत्रे बसवली आणि २००२ साली पूल पुन्हा उघडला. थाळीला आपण हात लावतो ना, तेच काम ही यंत्रे तेथे करतात.