एका वाक्यातून उगवलेली देवी

लंडनच्या टॉवर हिलवर दर वर्षी वसंतसंपाताच्या सुमारास, भर दुपारी, पांढऱ्या झग्यांतले स्त्री-पुरुष रांगेनं चालत येतात, वर्तुळ धरून उभे राहतात आणि चारही दिशांना शांततेचं आवाहन करतात. ‘द ड्रुइड ऑर्डर’ या मंडळींचा हा विधी १९५६ पासून तिथं चालत आला आहे. त्याच दिवशी ब्रिटन-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत रंगवलेली अंडी, डॅफोडिलची फुलं आणि कुंडीत पेरायच्या बिया मांडून ‘ओस्तारा’ साजरा होतो. हे सारे स्वतःला ‘पेगन’ म्हणवतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडवळ. ख्रिस्ती न झालेल्यांना हिणवायला वापरलेला हा शब्द त्यांनी आता अभिमानानं लावून घेतला आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४,००० लोकांनी धर्माच्या रकान्यात तो लिहिला. ओस्ताराबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ओस्तारा ही वसंताची प्राचीन देवी, ससा तिचा, अंडंही तिचंच, दिवस-रात्र समान होतात तो तिचा सण, आणि चर्चनं तो चोरून त्याला ‘ईस्टर’ केलं. या गोष्टीतला एकेक धागा ओढून पाहिला तर देवी बहुधा उरते, बाकीचं एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतलं निघतं. सण खोटा आहे असं मात्र त्यामुळे ठरत नाही, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात बीडपासून करावी लागते. म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं बीड नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या जॅरोच्या मठातला विद्वान भिक्षू बीड. ७२५ साली त्यानं कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या पंधराव्या प्रकरणात इंग्लिश लोकांच्या जुन्या महिन्यांची नावं आहेत. एप्रिलशी जुळणारा ‘ईओस्तुरमोनाथ’ हा महिना ईओस्त्रे नावाच्या देवीवरून ओळखला जाई, त्या महिन्यात तिच्या नावानं उत्सव होत, आणि आता इंग्लिश लोक ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या पर्वालाही तेच नाव देतात, एवढंच तो सांगतो. देवीबद्दलचा जुना लेखी पुरावा तेवढाच. त्यात ना ससा आहे, ना अंडं. संपात तर नाहीच. बीडच्याच यादीत मार्चचा महिना ‘ह्रेथा’ नावाच्या दुसऱ्या देवीचा आहे आणि तिलाही त्या महिन्यात यज्ञबळी अर्पण होत. विषुवदिन त्याच्याही काळी मार्चमध्येच येई. म्हणजे बीडला साक्षीला बोलवायचं तर तो दिवस ह्रेथेच्या वाट्याला जातो, आणि ह्रेथेच्या नावानं आज कुणी एक मेणबत्तीही लावत नाही.

बीडनं ही देवी मनानं रचली असावी, असा संशय विद्वानांनी वेळोवेळी घेतला आहे. मला तो पटत नाही. आपल्या धर्मातल्या सर्वांत मोठ्या सणाच्या नावाला कुठल्या भिक्षूनं विनाकारण परक्या देवीचं नातं चिकटवलं असतं? शिवाय १९५८ साली जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ रोमन काळातले दीडशेहून जास्त नवसाचे शिलालेख सापडले, तेही ‘आउस्ट्रिआहेनाए’ नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले. आपल्याकडे साती आसरा असतात तसा हा मातृकांचा गट, आणि त्यांच्या नावातलं मूळ ईओस्त्रेच्या नावाशी जुळतं. फिलिप शॉ या अभ्यासकानं २०११ साली हा पुरावा केंट परगण्यातल्या ईस्ट्री या गावाच्या नावाशेजारी ठेवून दाखवलं, की ईओस्त्रे ही एका टापूची, एका लोकसमूहाची स्थानिक देवी असू शकते. त्यामुळे देवीला मी सोडत नाही. मात्र ग्रामदेवतेला साऱ्या युरोपची वसंतदेवी करायचं, तर त्याला पुरावा वेगळा हवा.

तिला तसं केलं जेकब ग्रिमनं. परीकथांच्या दोघा भावांपैकी हा थोरला, आणि मोठा भाषाशास्त्रज्ञ. १८३५च्या ‘जर्मन पुराणकथा’ या ग्रंथात त्यानं तर्क केला, की इंग्लंडात ईओस्त्रे होती तर जर्मनीतही ‘ओस्तारा’ असलीच पाहिजे. त्याच्या हाती होतं ते एप्रिलचं जुनं जर्मन नाव, जे शार्लमेनच्या चरित्रकारानंही नोंदवलं आहे, आणि ईस्टरचा जर्मन शब्द. पुढे १८७४ मध्ये अडोल्फ होल्ट्समान या पंडितानं लिहिलं, की ईस्टरच्या सशाचा उलगडा आपल्याला होत नाही, पण तो बहुधा ओस्ताराचा प्राणी असावा. त्यातला ‘बहुधा’ पुढच्या लेखकांनी गाळला. सशाची पहिली लेखी नोंद १६८२ची, गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याची. त्याच्या परिसरातल्या मुलांना ईस्टरचा ससा गवतात अंडी लपवतो असं सांगितलं जाई आणि ती हुडकून मुलं नको इतकी खात, ही त्याची वैद्यकी चिंता. देवीचा उल्लेख नाही. अंड्याचं कारण तर स्वयंपाकघरात सापडतं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत, कोंबड्यांना मात्र ते कुणी कळवत नसे. मग उपवास सुटेपर्यंत अंड्यांची रास साचे. १२९० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या खर्चाच्या वहीत साडेचारशे अंडी सजवण्यासाठी अठरा पेन्स लिहिलेले आहेत. (संपाताच्या दिवशी अंडं उभं राहतं म्हणतात तेही इथलं नाही. ती समजूत चीनमधल्या, फेब्रुवारीत येणाऱ्या वसंतारंभाची. १९४५ साली ‘लाइफ’ मासिकातून ती अमेरिकेत पोचली. हात स्थिर असेल तर अंडं वर्षात कधीही उभं राहतं.)

ग्रिमच्या देवीला संपाताच्या दिवशी बसवण्याचं काम विसाव्या शतकानं केलं. १९५१ मध्ये ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेरल्ड गार्डनरनं आपल्या ‘विक्का’ पंथाची ओळख जगाला करून दिली. त्या पंथाचे मोठे सण तेव्हा चारच होते आणि त्यांत संपात नव्हता. अयनदिन आणि संपात बरोबरीनं येऊन आठ आऱ्यांचं वर्षचक्र पुरं झालं ते १९५८च्या सुमारास. गार्डनरचा मित्र रॉस निकल्स ड्रुइड मंडळींतला, आणि ड्रुइड हे दिवस आधीपासून पाळत होते. नाव पडायला आणखी सोळा वर्षं लागली. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातला एडन केली हा विक्कापंथी कवी आपल्या गटासाठी पंचांग तयार करत होता. काही सणांना भारदस्त जुनी नावं आणि बाकीच्यांना नाहीत, हे त्याला खटकलं. वसंतसंपाताच्या जागी त्यानं ग्रिमची ‘ओस्तारा’ उचलून ठेवली.

यावर पहिला आक्षेप असा, की ज्यांना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांचा धर्म पुसला गेला, त्यांच्याकडे कागदी पुरावा मागणं अन्यायाचं आहे. आक्षेप वजनदार आहे. पण संपाताचा एक पेगन सण चांगला नोंदलेला आहे, आणि तो नोंदवण्यात त्याच्या शत्रूंचाही हात आहे. रोमनांनी इसवी सनपूर्व २०४ मध्ये आशिया मायनरमधून किबेले ही महामाता आणली. तिचं रूप म्हणजे एक काळा दगड. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तांदळाच यावा. तिचा प्रियकर अॅटिस पाइनच्या झाडाखाली मेला, म्हणून २२ मार्चला पाइनचं झाड तोडून, त्याला लोकरीच्या पट्ट्या गुंडाळून, जांभळ्या फुलांनी सजवून मिरवत देवळात आणत. २४ मार्च हा रक्ताचा दिवस. त्या दिवशी पुजारी स्वतःच्या अंगावर वार करून घेत. २५ला ‘हिलारिया’, म्हणजे आनंदीआनंद, सोंगं आणि चेष्टा. २७ला देवीला आल्मो ओढ्यावर नेऊन न्हाऊ घालत. रोमन पंचांगात संपात २५ मार्चला धरला जाई, आणि या दिवसापासून दिवस रात्रीहून मोठा होतो म्हणून हा आनंद, असं माक्रोबिअस या लेखकानं साफ लिहिलं आहे. ख्रिस्ती लेखकांनी या विधींवर इतके कोरडे ओढले, की त्यातून आपल्याला बारीकसारीक तपशीलही मिळतात. जर्मन ओस्ताराविषयी असा एक शिव्याशापही हाती लागत नाही. गंमत अशी, की संपाताचा खराखुरा पेगन सण हवा होता तर हा तयार होता. पण रक्त आणि पाइनपेक्षा ससा आणि डॅफोडिल मंडळींना मानवले.

दुसरा आक्षेप दगडांचा. आयर्लंडमध्ये लॉक्रूच्या टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. संपाताच्या सकाळी सूर्याचा किरण आत शिरून मागच्या कोरीव दगडावरून सरकत जातो. पण सूर्याला पकडायला संपात हा सर्वांत अवघड दिवस आहे. अयनदिनाच्या आसपास सूर्य काही दिवस क्षितिजावर जवळपास एकाच जागी उगवतो. स्टोनहेंज बांधणाऱ्यांनी रोख धरला तो त्याच दिवसांवर. संपाताला मात्र तिथं सूर्योदयाची जागा रोज सूर्यबिंबाच्या रुंदीहूनही जास्त सरकते. दिवस-रात्र समान, हेही डोळ्यांना दिसत नाही, कारण हवेतल्या वक्रीभवनानं त्या दिवशीही दिवस काही मिनिटं मोठाच असतो. मग संपात शोधायचा कसा? दोन अयनांमधले दिवस मोजून मधला घ्यायचा, की क्षितिजावरची मधली जागा घ्यायची? दोन्हींची तारीख एक येतेच असं नाही. १९९७ मध्ये क्लाइव्ह रगल्स या खगोल-पुरातत्त्वज्ञानं नेमकं हेच विचारलं: आपण म्हणतो तो संपात नक्की कुणाचा? लॉक्रूच्या बांधणाऱ्यांना वर्षाचा मध्य कळत असेल. तो दिवस एका देवीचा होता, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही.

चोरीच्या आरोपाचं काय? ख्रिस्ती लोक ईस्टरचा सण भूमध्य समुद्राकाठी दुसऱ्या शतकापासून पाळत आले आहेत. इंग्लिश लोकांपर्यंत तो धर्म पोचला त्याच्या कितीतरी आधी. त्याचं मूळ ज्यूंच्या ‘पेसाख’मध्ये, मराठी बायबलातल्या वल्हांडण सणात आहे. फ्रेंचांचं ‘पाक’, पोर्तुगीजांचं ‘पाश्कुआ’ आणि त्यावरून आलेलं गोव्याचं ‘पास्क’ हे सारे शब्द तिथले. देवीचं नाव चिकटलं ते इंग्लिश आणि जर्मन बोलणाऱ्यांच्या तोंडी; तेही महिन्याच्या नावातून, आपण कार्तिकस्नान म्हणतो तसं. ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार, हे दर वसंतात मोबाइलवर येणारं ज्ञान तर अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश प्रोटेस्टंट पाद्र्याचं आहे. १८५३च्या पुस्तिकेत त्यानं रोमन कॅथलिकांना झोडपण्यासाठी ते मांडलं. पेगन लोक आज चर्चविरुद्ध वापरतात तो दारूगोळा एका पाद्र्याच्या कोठारातला आहे.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते: ईओस्त्रे म्हणजे आपली उषा, तेव्हा सणही आपलाच. यातलं पहिलं अर्धं बरंचसं खरं आहे. ऋग्वेदातली उषा, ग्रीकांची ईऑस, रोमनांची ऑरोरा आणि ही ईओस्त्रे ही नावं एकाच मुळातून फुटलेली मानली जातात. पण शब्द सख्खे असले म्हणजे सण सख्खे होत नाहीत. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा शोधून वेदांचा काळ मांडला. त्यांचे निष्कर्ष आज अनेकांना मान्य नाहीत. तरी नुसत्या नावाच्या साधर्म्यावर न थांबता आकाशातली जागा तपासायची, ही शिस्त घेण्यासारखी आहे. ते पुस्तक १८९३चं, आणि सार्वजनिक गणेशोत्सवानं बाळसं धरलं तेही १८९३ मध्ये. गणपतीची घरगुती पूजा जुनी, मांडवातलं रूप नवं. मांडव नवा म्हणून तिथली आरती कुणी खोटी ठरवत नाही.

ओस्ताराला हाच न्याय लावायला हवा. रोनाल्ड हटन या इतिहासकारानं १९९९ मध्ये विक्काचा सारा आधुनिक जन्मवृत्तांत उघड मांडला. तो वाचून कितीतरी पेगनांनी जुनेपणाचा दावा खाली ठेवला आणि सण चालू ठेवला. ते ठीकच केलं. वंशावळ कच्ची असली तरी सूर्य त्या दिवशी विषुववृत्त ओलांडतोच. या सणाचा खरा आधार कुठं आहे ते ऑस्ट्रेलियात बघावं. तिथले पेगन ओस्तारा मार्चमध्ये करत नाहीत. ते तो सप्टेंबरच्या संपाताला करतात, कारण वसंत तिथं तेव्हा येतो. ईस्टरची अंडी आणि ससे मात्र तिथंही मार्च-एप्रिलमध्येच विकले जातात, ऐन शरदात.