जुनं काम शोधताय? आधी शेवटचे चार आकडे टाका

जळगावची एमएच १९, धुळ्याची एमएच १८, नंदुरबारची एमएच ३९. खान्देशातल्या गॅरेजात या तिन्ही पासिंगच्या गाड्या येतात आणि विचारणा तीच असते: "दादा, मागच्या वेळी क्लच प्लेट कधी टाकली होती?"

वही चाळण्यात वेळ जातो. सॉफ्टवेअरमध्ये लगेच सापडतं, पण नोंद एकसारखी असेल तरच. एकाने नंबर जागा सोडून टाकला, दुसऱ्याने सलग, की बऱ्याचदा सर्च रिकामा येतो. म्हणून शेवटचे चार आकडेच टाकून बघा. आडनावाने शोधू नका. पाटील किंवा चौधरी टाकलं की यादी संपत नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा चेसिस नंबर. गाडी विकली की मालक आणि मोबाईल बदलतो, दुसऱ्या राज्यात नेऊन पासिंग केली तर पाटीही बदलते. १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर मात्र तोच राहतो. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. 'ओ' वाटला तर शून्य टाका!

आणि जॉबकार्डवर किलोमीटर लिहाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिन तापतंय म्हणून आलेल्या गाडीचं कूलंट, थर्मोस्टॅट किती किलोमीटरला बदललं होतं हे समोर दिसलं, की हात कुठे घालायचा ते कळतं. रावेर-यावलची केळी भरलेली गाडी असेल तर एकेक तास मोलाचा असतो, आत माल पिकत असतो.