मुहूर्तापासून मागे मोजा

लग्नाच्या दिवशी हलवता न येणारी गोष्ट एकच, मुहूर्त. पुण्याहवाचन, गौरीहरपूजन थोडं मागेपुढे सरकतं. अंतरपाट मात्र ठरल्या मिनिटालाच दूर व्हायचा. पूर्वी ही वेळ घटिकापात्र पाण्यात बुडण्यावरून मोजत. घटका 24 मिनिटांची. म्हणून आखणी मुहूर्तापासून मागे करावी आणि निदान एक घटका मोकळी सोडावी, तीही वधूच्या साडीबदलापाशी, कारण हमखास उशीर तिथेच होतो. उशीर झाला तर मंगलाष्टकं आटोपती घेऊ, असं कुणी म्हणेल. (हौशी आत्याच्या हातातला कागद काढून घेणार कोण?) पण वेळ उरली तर अष्टकं लांबवता येतात, वधूच बोहल्यावर नसेल तर ती आटोपून उपयोग काय? बहुतेक ठिकाणी कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी अक्षतांनंतर होतात. तोवर पंगत बसलेली असते आणि या विधींतला अर्ध्या तासाचा उशीर पाहुण्यांना कळतही नाही.