जिभेत लपलेली भजी

'जीभ' हा शब्द लिहा आणि त्यातली दोन अक्षरं एकमेकांच्या जागी बसवा. भजी तयार! आमटी वाढायचा 'डाव' उलटवला की वडा पडतो. 'राग' फिरवला की फणसाचा गरा हाती येतो. मिसळीवरची 'तरी' उलटी वाचली की 'रीत' होते, 'मका' सोलला की 'काम' निघतं आणि 'चहा' उलटला की 'हाच'. सकाळी काय घेणार, या प्रश्नाचं उत्तर चहाने स्वतःच्याच पोटात ठेवलंय.

विस्कटलेली अक्षरं जुळवून शब्द ओळखायचं कोडं सोडवताना आपण लांबलचक शब्दांच्या मागे धावतो. सहा-सात अक्षरांचा शब्द सुटला की कॉलर ताठ होते. खरी गंमत मात्र दोन-तीन अक्षरांच्या चिमुकल्या शब्दांत आहे. त्यांच्यात लपायला जागा नसते, तरी अर्थ ठासून भरलेले असतात.

इंग्रजीत हा खेळ सुट्या अक्षरांचा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकी आर्किटेक्टने 1930च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली, कोणतं किती वेळा येतं ते काढलं आणि त्या हिशोबावर पुढे 'स्क्रॅबल' म्हणून गाजलेला खेळ बेतला. त्याला 26 अक्षरं सांभाळायची होती. आपल्याकडे 34 व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर 408 अक्षरं होतात. जोडाक्षरं तर अजून मोजलीच नाहीत. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आपलं व्यंजन सोडत नाहीत. 'जी' हलला की वेलांटीसकट हलतो. म्हणून मराठीत उलटापालट करायची ती अख्ख्या अक्षरांची.

दोन व्यंजनं, दोन काने

'र' आणि 'व' ही दोनच व्यंजनं घ्या आणि हाताशी दोन काने ठेवा. काना न वापरता 'रव', म्हणजे आवाज, पाखरांच्या कलरवातला. तो उलटला की 'वर': डोक्यावरचा, बोहल्यावरचा आणि देवाने दिलेला, तिन्ही. आता 'व'ला काना द्या. शिऱ्याचा 'रवा' मिळतो आणि उलटून 'वार'. काना 'र'ला दिला की 'राव'. हा पूर्वी राजा होता. 'गाव करी ते राव न करी' या म्हणीत तो अजून सिंहासनावर बसलाय आणि 'काय राव!' म्हणताना आपण त्यालाच कट्ट्यावर ओढून आणतो. दोघांनाही काना दिला की 'वारा', आणि वारा उलटला की 'रावा', म्हणजे पोपट. सात शब्द, तेही दोन व्यंजनांत!

त्यातला 'वार' तर एकटाच पाच जणांचं काम करतो. सोमवार-मंगळवारचा वार. तलवारीचा वार. कापड मोजायचा, तीन फुटांचा वार. नऊवारी साडीच्या नावात तो टिकून आहे. गाय व्याल्यावर गोठ्यात 'वार पडली का?' असं विचारतात, ती वार. आणि पाचवा मला सगळ्यांत जवळचा: 'वार लावून जेवणं'. घरची गरिबी असलेली मुलं शिकायला शहरात यायची आणि सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवडाभर सात चुलींवर जेवायची. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या कितीतरी पिढ्या या वारांवर उभ्या राहिल्या. एवढी मोठी सामाजिक व्यवस्था या भाषेने दोन अक्षरांत सामावून घेतली, याचं मला फार कौतुक आहे.

'स' आणि 'व'ची जोडीही तशीच गुणी. 'वास' आणि 'सवा' (म्हणजे आपला सव्वाच, 'सवाई'मध्ये तो दिसतो). 'साव' आणि 'वसा', म्हणजे चोराच्या उलट असणारा माणूस आणि श्रावणातल्या कहाण्यांमधलं व्रत. दोघांना काना दिला की छपराचा 'वासा' आणि 'सावा' हे भरडधान्य. 'र' आणि 'स' मात्र थेट स्वयंपाकघरात शिरतात. 'रस' आंब्याचा, 'सार' आमसुलाचं, 'रसा' मटणाचा किंवा मटकीचा. ताटातले हे तिन्ही द्रव पदार्थ एकाच जोडीतून निघालेत. 'सर' पावसाची आणि मोत्यांची, 'रास' खळ्यावरची आणि कुंडलीतली. 'सारा' उरतो तो सरकारात भरायला.

'डबा' उलटला की 'बाड' मिळतं. हस्तलिखितांच्या गठ्ठ्याला, जुन्या शिवलेल्या वहीला बाड म्हणतात. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी रामदासी बाडं जपून ठेवलेली आहेत. आणि 'वही'च उलटली तर? 'हीव'. म्हणजे थंडी, कापरं. हिवताप आणि हिवाळा याच कुळातले.

वेलांटीचा जुगाड

जीभ-भजी, नदी-दीन, वही-हीव, तरी-रीत. या जोड्यांत वेलांटी पहिल्या अक्षरावर असो वा शेवटच्या, दीर्घच राहते. हा योगायोग नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात. आणि शब्दाचा शेवट 'अ'ने होत असेल, तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकारही दीर्घ असतो. म्हणजे 'भजी'ला पहिला नियम लागू होतो, 'जीभ'ला दुसरा, आणि उत्तर दोन्हीकडे एकच. 'पेरू' मात्र इथे अडतो. तो उलटला की सोन्या-रुप्यातलं 'रुपे' व्हायला हवं. पण 'रुपे'चा शेवट 'अ'ने होत नाही, म्हणून 'रु' ऱ्हस्व. ज्यांना शुद्धलेखन रुक्ष वाटतं, त्यांना मी ही जोडी आवर्जून दाखवते.

कोडं सोडवणाऱ्यांसाठी एक हुकमी युक्ती सांगते. समोरच्या अक्षरांत 'ण' किंवा 'ळ' असेल, तर ते पहिल्या जागी ठेवायचंच नाही. मराठी शब्द या दोघांनी सुरू होत नाहीत. जैनांच्या णमोकार मंत्रात 'ण' पुढे असतो, पण ती प्राकृत. म्हणून गूळ, डाळ, केळ हे कितीही फिरवले तरी काही देत नाहीत. 'ळ, ण, व' अशी तीन अक्षरं आली तर निम्मं काम आपोआप होतं: सुरुवात 'व'नेच करायची आणि उत्तर वळण.

तीन अक्षरं, तीन मुलुख

'क, म, र' ही अक्षरं हातात आली तर तीन शब्द सापडतात आणि तिघं तीन मुलखांतून आलेले. 'कमर' फारसी, 'रकम' अरबी, 'मकर' संस्कृत. मकराची पुढची कहाणी आणखी रंगते. बोलता बोलता त्याच्यातला 'क' मऊ होऊन 'ग' झाला आणि 'मगर' नदीत उतरली. आता मगरीची अक्षरं फिरवा: 'गरम'. पुन्हा फारसी! 'कलम' आणि 'कमल' यांचंही तसंच: एक अरबीतून आलेलं, दुसरं संस्कृत. कलम लिहितं, कायद्याच्या पुस्तकात क्रमांक लावून बसतं आणि कोकणात तर त्याला हापूस लागतो. 'हवन' आणि 'वहन' दोन्ही संस्कृत. एकात आहुती द्यायची, दुसऱ्यात ओझं न्यायचं.

'ब, ख, र' ही तीन अक्षरं मात्र या सगळ्यांपेक्षा वरची. 'खबर' म्हणजे बातमी. उलटापालट केली की 'बखर'. सभासद बखर आठवा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती 17व्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. आणि 'बखर' हा शब्दच अरबी 'खबर'मधली अक्षरं जागा बदलून झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे हे कोडं कुणी छापण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या तोंडी सुटलेलं होतं.

भाषा हा खेळ सर्रास खेळते. अभ्यासक त्याला वर्णविपर्यय म्हणतात. गावाकडे 'नुकसान'चं 'नुस्कान' होतं ते यामुळेच, त्यात अडाणीपणा काही नाही. 12व्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, तेव्हा अशा अदलाबदलीसाठी त्याने खास सूत्रं दिली. 'वाराणसी'त 'र' आणि 'ण' जागा बदलतात, 'वाणारसी' होते. आपलं 'बनारस' त्याच वळणाचं. 'लघुक'मधले वर्ण फिरून 'हलुअ' होतं, तेच आपलं हलकं. आणि 'महाराष्ट्र' या शब्दात 'ह' आणि 'र' यांची अदलाबदल होऊन 'मरहट्ठ' तयार होतो. मरहट्ठ, मराठा, मराठी! आपल्या भाषेचं नावच अक्षरं हलवून झालेलं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आनंदाने घरभर सांगत सुटले होते, आणि अजूनही कुणी भेटलं की सांगते.

हा खेळ थेट शिखरावर नेला तो 16व्या शतकातल्या सूर्य पंडितांनी. ते पार्थपूरचे; परभणी जिल्ह्यातलं पाथरी ते हेच, असं मानतात. गणिती माणूस, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिणारे. त्यांचं 'रामकृष्णविलोमकाव्य' सरळ वाचलं की रामाची कथा आणि तीच अक्षरं शेवटाकडून वाचली की कृष्णाची! दोन अक्षरं उलटवून भजी मिळाली तरी आपण खूश होतो. इथे श्लोकच्या श्लोक उलटे चालतात आणि दोन्ही दिशांनी अर्थ देतात.

आज रात्री जेवताना घरच्यांना घालायला ही तीन कोडी घ्या. 'का, टा': एक पायात रुततो, दुसरा कापडाला घालतात. 'ज, ग': एकात आपण सगळे राहतो, दुसरा खिडकीला असतो आणि अंबारी घेऊन मिरवणुकीतही चालतो. आणि 'ग, ज, र': एक पहाटे घड्याळात होतो आणि आषाढात पंढरीच्या वाटेवर, दुसरी सरली की वैद्यही मरतो.